खाडा पडला तरी चालेल

प्राणायाम आळसाने कमी आणि खाड्याने जास्त सुटतो. एकवीस दिवसांचा नेम धरलेला असतो, चौदाव्या दिवशी कुणाचं तरी लग्न निघतं, नेम मोडतो. मग ‘आता सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून’. तो सोमवार काही उजाडत नाही.

एकवीसचा आकडा बराचसा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून आला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६०मध्ये लिहिलं. पुढे ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना ८४ दिवस एकेक नवी सवय लावून पाहिली. ज्यांच्या नोंदींवरून सवय मुरण्याचा आलेख नीट काढता आला, त्यांच्यात मध्यक, म्हणजे मधला आकडा, निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला आलेख पुढे वाढवला तेव्हा २५४ लागतील असं दिसलं. एखादा दिवस चुकल्याने मात्र सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता प्रत्यक्ष श्वास. खुर्चीवर बसलात तरी चालेल. चार सेकंद नाकाने घ्या, सहा सेकंद सोडा. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटांत तीस. दम लागत असेल तर तीन सेकंद घ्या, चार सेकंद सोडा. दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवा: श्वास घेताना नाडी किंचित घाईची, सोडताना रेंगाळणारी लागते. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा लगाम हृदयावर जास्त ओढला जातो, त्याचा हा परिणाम. मिनिटाला सहाच का? रक्तदाब वाढला-घटला की शरीर नाडी बदलून तो सावरतं, आणि या सावरण्याचा हेलकावाही साधारण दहा सेकंदांचाच असतो. श्वासाची लय त्याच्याशी जुळली की झोपाळ्याला योग्य वेळी झोका दिल्यासारखं होतं.

बिघडतं ते जोर लावल्याने. संथ श्वास म्हणजे छाती फुटेस्तोवर भरलेला श्वास नव्हे. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिरतात, गरगरतं. काहींना ही ‘ऊर्जा जागृत झाल्याची’ खूण वाटते. खूण आहे ती श्वास आवरता घेण्याची. मोजणं थांबवा आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

सेकंद मोजण्याचाच ताण येत असेल तर घड्याळ बाजूला ठेवा. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. नाव कोणत्या देवाचं, याने काही बिघडलं नाही! हरिपाठातलं चरण चालेल, लांबवलेला ओंकारही चालेल; एका श्वासात साधारण सहा सेकंदांत म्हणून व्हावं, एवढंच बघायचं.

नेमाचा हट्ट नको, हे हठयोग्यांनाही ठाऊक होतं. ‘हठयोगप्रदीपिके’त योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अतिश्रमाच्या जोडीला ‘नियमाग्रह’ आहे. टीकाकार ब्रह्मानंदांनी त्याला पहाटेचं थंड पाण्याचं स्नान आणि नुसता फलाहार अशी उदाहरणं दिली आहेत. म्हणजे आजकाल ज्यांचे फोटो टाकले जातात, नेमकं तेच!

वेळेपेक्षा खूण पक्की करा. ‘सकाळी सहाला’ याऐवजी ‘चहाचं आधण ठेवल्यावर’. गडबडीच्या दिवशी पाच मिनिटांऐवजी सहाच श्वास घ्यायचे. आधण उकळेपर्यंत तेवढे आरामात होतात. शेगडीवर दूध असेल तर मात्र डोळे उघडे ठेवा.