घरात दोघांनी वाचायची कादंबरी: निवडताना काय पाहावं

आमच्या पुस्तकांच्या दुकानात येणारे पालक पहिला प्रश्न विचारतात, "हे कितवीच्या मुलाला चालेल?" आम्ही उलट विचारतो, घरात वाचून कोण दाखवणार? आपल्या गोव्यात मूल कोकणी बोलतं, शाळेत इंग्रजी वाचतं आणि मराठी पुस्तक बहुधा आजीच्या हातात असतं. म्हणून दोघांनाही धरून ठेवील अशाच पुस्तकांचं एक कपाट आम्ही वेगळं केलं आहे.

त्यात पहिलं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गोष्टी रात्रीरात्रींनी सांगितल्या आहेत, त्यामुळे रोज जेवणानंतर एक वाचता येते. अळणी भाजीची रात्र काढून बघा. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील तक्रारीचा एक शब्द न काढता जेवतात, मुलंही तशीच जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. मुलाला यात गंमत वाटते. संसार केलेल्या माणसाचा आवाज मात्र तिथे हमखास अडखळतो.

प्रकाश नारायण संतांच्या पुस्तकांतला लंपन हा मुलगा आपल्या शेजारच्या बेळगावकडचा. ती पुस्तकं कादंबऱ्या नाहीत, सुट्या कथा आहेत, पण 'वनवास' हातात घेतलंत की ओळीने वाचाल. मुलांना त्याचं 'मॅडसारखं' तोंडपाठ होतं. आजीआजोबांकडे राहणाऱ्या त्या पोराला आईची आठवण किती छळते, हे मोठ्यांना आधी दिसतं.

अनुवादांत 'द लिटल प्रिन्स' (1943) जरूर घ्या. लेखक सेंत-एक्झुपेरी वैमानिक होते. सुरुवातीलाच एक चित्र आहे, अजगराने हत्ती गिळल्याचं. मोठ्यांना त्यात टोपी दिसते. उत्तर आधी फोडू नका, घरातल्या प्रत्येकाला ते चित्र दाखवून विचारा.

जाड पुस्तक, मोठी अक्षरं, रंगीत चित्रं यांवरून निवड करू नका. मधलंच एखादं पान उघडून मोठ्याने वाचा. तुम्हालाच कंटाळा आला तर मुलासाठीही ते घेऊ नका. मुलाला सोबत आणा. आमच्या बाकावर बसून पहिलं प्रकरण वाचायला पैसे पडत नाहीत.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुटीसाठी पुस्तकं नेणार असाल तर एक सांगणं: पावसाळ्यात ती भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरून बुरशी येते. ऊन पडलं की सावलीतच वारा लागू द्या. कडक उन्हात पानं वाकडी होतात.