इंग्लंडमध्ये घराच्या खिडक्या बदलताना: सुटकेची मापं, दाखला आणि कागदपत्रं

खिडक्या बदलायच्या ठरल्या की घरात चर्चा होते ती रंगाची, काचेची आणि कोटेशनची. झडप पूर्ण उघडल्यावर त्यातून माणूस बाहेर पडेल का, हे सहसा कुणी विचारत नाही. रात्री खाली आग लागली आणि जिना धुराने भरला, तर वरच्या बेडरूममधून बाहेर पडायला तेवढीच वाट उरते. म्हणून काम नियमानुसार झाल्याचा दाखला आणि त्यासाठीचा अर्ज नंतर, आधी टेप हातात घ्या.

इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये आगीचे नियम ‘पार्ट बी’ मध्ये येतात. सुटकेच्या खिडकीचं मोकळं क्षेत्रफळ किमान ०.३३ चौरस मीटर हवं, रुंदी आणि उंची प्रत्येकी किमान ४५० मिलिमीटर हवी, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड खोलीच्या जमिनीपासून ११०० मिलिमीटरपेक्षा वर नको. इथे बरेच जण फसतात. ४५० गुणिले ४५० केलं तर क्षेत्रफळ जेमतेम ०.२ येतं. म्हणजे रुंदी ४५० च मिळत असेल तर उंची साधारण ७३५ हवी. शिवाय ही मापं चौकटीची नाहीत, झडप उघडल्यावर उरणाऱ्या मोकळ्या जागेची आहेत. झडप हाताने धरून न ठेवता उघडी राहायला हवी. कुलूप चालतं, पण किल्ली खिडकीजवळच ठरलेल्या जागी असावी, असं मी आग्रहाने सांगेन.

हा नियम मुख्यतः तळमजला आणि पहिला मजला, म्हणजे बाहेरच्या जमिनीपासून ४.५ मीटर उंचीपर्यंतच्या मजल्यांवरच्या राहत्या खोल्यांसाठी आहे. तळमजल्यावरची खोली थेट बाहेरच्या दाराकडे जाणाऱ्या हॉलमध्ये उघडत असेल तर तिला अशी खिडकी लागत नाही. ४.५ मीटरहून उंच मजल्यांसाठी संरक्षित जिन्यासारखे (आग आणि धूर आत येऊ न देणाऱ्या भिंती-दारांचा जिना) वेगळे नियम लागतात.

मग जुनी खिडकी बदलताना काय? जुन्या खिडकीतून सुटका होण्यासारखी असेल, तर नवीतूनही ती झालीच पाहिजे. जुनी गरजेपेक्षा मोठी असेल तर वरच्या किमान मापापर्यंत लहान करता येते, त्याखाली नाही. जुनीच अपुरी असेल तर भिंत फोडून मोठी करण्याची सक्ती नाही, पण आहे त्याहून वाईट करता येत नाही.

आमच्या मागच्या बेडरूमला जुनी लाकडी, बाजूला उघडणारी खिडकी होती. कंपनीने काढून दिलेल्या चित्रात वर एक छोटी झडप आणि खाली अख्खी बंद काच होती. विचारलं तर ‘स्टँडर्ड डिझाइन आहे’ एवढंच उत्तर. प्लास्टिकची चौकट लाकडापेक्षा जाड, त्यात साधी बिजागरी झडपेला पूर्ण बाजूला सरकू देत नाही, म्हणून मोकळी जागा आणखी घटते. मी प्रत्येक बेडरूमच्या खिडकीचं मोकळं माप कोटेशनवर लिहून मागितलं, तेव्हा कुठे बाजूला उघडणारी झडप आणि ‘एग्रेस’ बिजागरी आली. या बिजागरीने झडप जवळजवळ ९० अंशात उघडते. ऑर्डरवर सही करण्याआधी तुम्हीही हेच मागा.

आता दाखल्याचं. १ एप्रिल २००२ पासून घराची अख्खी खिडकी बदलणं बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली येतं. नुसती फुटलेली काच बदलली तर काही लागत नाही. मार्ग दोन आहेत. फेन्सा किंवा सर्टाससारख्या ‘कॉम्पिटंट पर्सन’ योजनेत नोंदणी असलेला कारागीर घेतला, तर तो काम नियमानुसार झाल्याचं स्वतः प्रमाणित करतो. काम संपल्यापासून ३० दिवसांत कौन्सिलला (स्थानिक नगरपालिकेला) कळवणं आणि तुम्हाला दाखला देणं ही जबाबदारी त्याची. नोंदणी खरी आहे का, हे योजनेच्या वेबसाइटवर पत्ता-नाव टाकून स्वतः पाहा. व्हॅनवरचं चिन्ह पुरेसं नाही.

दुसरा मार्ग, नोंदणी नसलेला कारागीर. मग काम सुरू होण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाकडे, बिल्डिंग नोटिस (कामाची आगाऊ सूचना) द्यायची, फी भरायची, आणि तपासणीनंतर पूर्तता दाखला घ्यायचा. मालकाचं नाव-पत्ता, कामाचं वर्णन, खिडक्यांची संख्या आणि मापं, काचेचा तपशील हे हाताशी ठेवा. नवीन जागी भिंत फोडून खिडकी काढायची असेल तर या योजनांच्या दाखल्याने भागत नाही, बिल्डिंग कंट्रोलकडे जावंच लागतं.

तपासणीत आगीशिवाय इतरही गोष्टी पाहतात. जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आतली काच सुरक्षा काच हवी आणि तिच्या कोपऱ्यात तसा ठसा हवा. उष्णता रोखण्यासाठी यू-व्हॅल्यू, म्हणजे खिडकीतून किती उष्णता निसटते त्याचं माप, जास्तीत जास्त १.४ किंवा ऊर्जा-श्रेणी किमान बी बँड हवी. जुन्या खिडकीत हवेची फट, म्हणजे ट्रिकल व्हेंट असेल तर नवीतही हवीच. बे विंडो, म्हणजे भिंतीच्या बाहेर आलेली खिडकी असेल तर वरचं वजन चौकटीवर येतंय का हे आधी विचारा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी आणि प्लॅनिंग परवानगीची गरज तपासा. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित इमारतीत वेगळी संमती लागते आणि ती न घेता खिडकी बदलणं हा गुन्हा आहे.

घर विकताना २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांचा दाखला खरेदीदाराचा सॉलिसिटर मागतो. हरवला असेल तर योजनेकडून किंवा कौन्सिलच्या नोंदीतून प्रत मिळते. मुळात घेतलाच नसेल तर कौन्सिलकडे रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेलं काम नंतर नियमित करून घेण्याचा, अर्ज करता येतो. काही जण त्याऐवजी इन्डेम्निटी विमा (दाखला नसल्याने होणाऱ्या नुकसानीचा विमा) काढून मोकळे होतात. त्याने पैशाचं नुकसान झाकलं जाईल, खिडकी मात्र होती तशीच राहते.

शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक बेडरूममध्ये जा, झडप पूर्ण उघडा आणि कारागिरासमोरच मोकळी रुंदी, उंची आणि जमिनीपासूनचं अंतर मोजा. कोटेशनवर लिहिलेल्या आकड्यांशी ताडा, आणि जुळत नसतील तर पैसे देऊ नका.