लिव्हरपूलच्या स्टेडियमची फ्रेम करून घेताय? आधी साल बघा

आमच्याकडं जर्सी आणि फोटोफ्रेमच्या कामात सगळ्यात जास्त ऑर्डरी लिव्हरपूलवाल्यांच्या, म्हणजे इंग्लंडच्या त्या फुटबॉल क्लबच्या फॅन लोकांच्या असतात आणि परत येणारं कामही त्यांचंच जास्त असतं, म्हणून हा कागद छापून काउंटरवर ठेवलाय. सांगली-मिरजेची पोरं असोत नाहीतर तासगावहून येणारे, ऑर्डर द्यायच्या आधी दोन मिनिटं काढून वाचा.

चूक एकच आहे. फोटो अ‍ॅनफिल्डचा, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानाचा देतात आणि खाली लिहायला सांगतात "अ‍ॅनफिल्ड, स्थापना १८९२". आता १८९२ हे क्लबचं साल आहे, मैदानाचं नाही. मैदानावर फुटबॉल सुरू झाला १८८४ ला. मग फ्रेम भिंतीवर लागते, वाढदिवसाला कुणीतरी जाणकार मित्र येतो, खालची ओळ वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम आमच्या काउंटरवर. मागची टेप सोडवा, पिना उपसा, काच काढा, माउंट काढा, प्रिंट नवीन घ्या, परत सगळं बसवा, एका फ्रेमला अर्धा दिवस जातो आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं लग्नाचं काम मागं पडतं. मागच्या दिवाळीत एका ग्रुपच्या चौदाच्या चौदा फ्रेम अशाच परत आल्या.

"क्लबच्या आधी स्टेडियम कसं काय?" हे सगळेच विचारतात, तर ते पण सांगतो. अ‍ॅनफिल्ड मुळात लिव्हरपूलसाठी केलेलंच नाही. तिथं १८८४ ला खेळायला आली ती एव्हर्टन, हो तीच, जिच्याबरोबर आज लिव्हरपूलची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच असते. जॉन हाउल्डिंग नावाचा बिअरच्या धंद्यातला मोठा माणूस होता, एव्हर्टनमध्ये पुढारीपण त्याचंच आणि पुढं मैदानाची जागाही त्याचीच झाली. एव्हर्टननं १८९०-९१ ची लीग जिंकली तेव्हा त्यांचं घरचं मैदान अ‍ॅनफिल्डच होतं. पण भाडं वाढत गेलं, मेंबर लोकांचं आणि त्याचं बिनसलं, आणि १८९२ ला एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडं गुडिसन पार्कला निघून गेली. हाउल्डिंगकडं मैदान राहिलं आणि टीमच नाही! मग त्यानं नवी टीम उभी केली, तिलाही एव्हर्टनच म्हणायचं त्याच्या मनात होतं पण फुटबॉल असोसिएशननं ते होऊ दिलं नाही, म्हणून नाव पडलं लिव्हरपूल. १ सप्टेंबर १८९२ ला रॉदरहॅम टाउनला ७-१ हरवून सुरुवात केली.

गाळामालकाचं आणि भाडेकरूचं वाजलं, भाडेकरू पलीकडच्या रस्त्याला गेला आणि मालकानं त्याच गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं, असं लक्षात ठेवा, साल कधी चुकणार नाही. गाळा १८८४ चा, दुकान १८९२ चं.

दुसरी गोष्ट फोटोची. इस्तंबूलच्या २००५ च्या चॅम्पियन्स लीग फायनलची टीम द्यायची आणि मागं अ‍ॅनफिल्डचा गुगलवर पहिला सापडलेला फोटो लावायला सांगायचं, हे करू नका. तो तीन मजली मोठा मेन स्टँड २०१६ चा आहे, कॅप्टन जेरार्डनं २००५ ला तो कप उचलला तेव्हा तो नव्हताच. अ‍ॅनफिल्ड रोडकडची बाजू तर त्याच्याही नंतर वाढवली आणि आता एकूण ६० हजारांच्या वर माणूस बसतं. आम्ही "कुठल्या सालचा पाहिजे" असं दोनदा विचारतो ते ह्याच्यासाठी, काही जणांना राग येतो, पण चुकीचं काम हातातून गेलेलं आम्हाला चालत नाही.

कॉपचं पण तसंच. गोलच्या मागचा तो चढाचा भाग १९०६ ला भराव टाकून केला, नाव पडलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप टेकडीवरनं, जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथं लँकेशायरच्या पलटणींची पुष्कळ माणसं गेली होती. त्याच लढाईत जखमींना डोलीतनं वाहून आणणाऱ्या हिंदी लोकांच्या पथकात गांधीजी होते. हे ऐकलं की पोरं दोन मिनिटं गप्प होतात, म्हणून मी प्रत्येकाला सांगतोच. कॉपवर छप्पर १९२८ ला आलं, आणि उभं राहून बघायची शेवटची मॅच ३० एप्रिल १९९४ ची, त्यानंतर सगळ्या खुर्च्या. खच्चून उभी असलेली गर्दी पाहिजे असेल तर त्याच्या आधीचा फोटो लागणार, तो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मॅट पेपरवर फार देखणा येतो, एकदा दुकानातलं सँपल बघून जा.

आणि एक, हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या फॅन लोकांच्या आठवणीचा आकडा टाकायचा असेल तर ९७ टाका. इंटरनेटवरच्या जुन्या डिझाइनमध्ये ९६ आहे, २०२१ ला आणखी एक जण गेले तेव्हापासून ९७ धरतात. ती दुर्घटना १९८९ ला शेफील्डच्या मैदानावर झाली, अ‍ॅनफिल्डवर नाही. असल्या ठिकाणी चूक झाली तर आम्हालाच वाईट वाटतं, म्हणून हा आकडा आम्ही स्वतः तपासतो.

एव्हर्टनवाल्यांनीही सांगताना गुडिसन का डॉकवरचं नवीन ते स्पष्ट सांगा, २०२५ पासून त्यांची पुरुषांची टीम नव्या मैदानावर गेलीय.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फुटतो. प्रूफ आम्ही पाठवतो, ते झूम करून साल वाचा आणि मगच ओके म्हणा. ओके नंतर आमची चूक निघाली तर फ्रेम नवीन, पैसे नाहीत. तुमची असेल तर फक्त प्रिंटचे घेतो, मोल्डिंग आणि काच तीच वापरतो. स्टेडियमला १२ बाय १८ पेक्षा १२ बाय ३६ चा आडवा साइज घ्या, चारही स्टँड बसतात. प्रूफ ओके झाल्यावर चार दिवसांत फ्रेम तयार, दिवाळीत आठ दिवस धरा.