तोच प्रोग्राम, तेच आकडे, तरी उत्तर वेगळं

मृग कोरडा गेला की यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत पेरणीची घालमेल सुरू होते. हल्ली तिच्यात मोबाईलवरच्या नकाशांची भर पडली आहे. एका नकाशात 2050 पर्यंत आपल्याकडचा पाऊस वाढणार, दुसऱ्यात घटणार. मग पारावर रोखठोक प्रश्न येतो, “काम्पुटरच एक सांगत नाही, तं भरोसा ठेवाचा कसा?”

प्रश्न रास्त आहे. विज्ञानात प्रयोग पुन्हा केला की निकाल तोच यायला हवा. पण हवामानाचं मॉडेल, म्हणजे हवा-पावसाचं गणित करणारा प्रोग्राम, दुसऱ्या संगणकावर चालवलं, तर शेवटच्या आकड्यापर्यंत तेच उत्तर सहसा मिळत नाही.

याचं मूळ साध्या बेरजेत आहे. समजा, काटा चारच आकडे दाखवतो. गाडीत 1000 किलो कापूस आहे. त्यात 400 ग्रॅम टाकले, काटा 1000 दाखवतो. तोच आकडा वहीत धरून आणखी 400 ग्रॅम मिळवले, तरी 1000च. आता ते दोन्ही 400 ग्रॅम आधी एकत्र करा, 0.8 किलो होतात. मग गाडीत मिळवा. काटा 1001 दाखवेल. माल तोच, फक्त बेरजेचा क्रम बदलला. संगणक सोळाएक आकडे धरतो, पण पुढचे तोही सोडतोच. हजारो प्रोसेसर एकाच वेळी बेरजा करत असतील, तर यंत्र किंवा कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन) बदलताच हा क्रम बदलू शकतो.

एवढ्याशा फरकाने काय होतं, हे 1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना दिसलं. संगणकावरचं हवामानाचं जुनं गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी 0.506127 ऐवजी छापील कागदावरचं 0.506 भरलं. काही काळ दोन्ही आलेख जुळले, मग त्यांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या.

मला खरं मोलाचं वाटतं ते शास्त्रज्ञांनी यावर जे केलं ते. हा फरक लपवण्याऐवजी त्यांनी तो मुद्दाम पेरला. अमेरिकेतल्या एनसीएआर या हवामान संशोधन संस्थेने एकच मॉडेल 30 वेळा चालवलं आणि 2015 मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. सुरुवातीच्या हवेच्या तापमानात फरक किती? दशांशचिन्हापुढे 13 शून्यं आणि मग 1, एवढ्या अंशाचा. तरीही एखाद्या प्रदेशाचा पन्नास वर्षांचा कल प्रत्येक वेळी वेगळा निघाला. शतकभरात पृथ्वी तापते, हे मात्र तिसांच्या तिसांत आलं. पुन्हा जुळायला हवं ते हेच: दिवसादिवसाचं हवामान नव्हे, तर सरासरी आणि चढउतारांचा पल्ला. नवं यंत्र आणलं की त्याचे निकाल जुन्या यंत्रावरच्या अनेक निकालांच्या पल्ल्यात बसतात का, हेही संख्याशास्त्राने तपासतात. न बसले तर कुठेतरी चूक आहे, असं समजून शोध सुरू होतो.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं मॉडेलही सीएमआयपी या जागतिक उपक्रमात आहे. तिथे अनेक देशांची मॉडेलं ठरलेले तेच प्रयोग करतात आणि निकाल सर्वांना खुले असतात. माझ्या मते प्रोग्राम, त्याची आवृत्ती आणि भरलेले आकडे हेही तितकेच खुले हवेत. नाहीतर दुसऱ्याने पडताळायचं कशावर?

म्हणून एकाच वेळच्या गणितावरून काढलेला तालुक्याच्या पावसाचा नकाशा पाहून कोणी विहीर खोदू नये की पीक बदलू नये. कोणी असा नकाशा घेऊन ग्रामसभेत आला, तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: किती मॉडेलं किती वेळा चालवली, आणि त्यांतली किती पाऊस वाढेल म्हणतात?