इंग्लिसची एलेव्हेटर-रांग
कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील इंग्लिस या खेड्यात रेल्वेमार्गाच्या कडेने ओळीने उभी असलेली पाच लाकडी धान्यकोठारे. धान्य तोलून वर चढवणारे, प्रतवारीने साठवणारे आणि मालडब्यात ओतणारे असे उंच कोठार म्हणजे एलेव्हेटर. 1922 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा फाटा इंग्लिसला पोचला आणि त्याच वर्षी बांधकामे सुरू झाली. रांग 1941 पर्यंत पुरी झाली.

शेतकऱ्याची गाडी उतारावरून आत येऊन भुईकाट्यावर थांबे. गाडी कलती केली की गहू जाळीतून खालच्या खड्ड्यात पडे. तिथून रहाटगाडग्यासारखा डबे लावलेला पट्टा तो पार माथ्यावर नेई आणि फिरत्या नळातून हव्या त्या कप्प्यात सोडी. साठलेले धान्य भिंतींना बाहेर रेटते, म्हणून फळ्या आडव्या निजवून, एकीवर एक खिळ्यांनी ठोकत भिंत चढवत. ठिणगीच्या भीतीने बाहेरून अनेकदा पत्रा मारलेला असे.

एवढ्याशा गावात पाच कशाला? पॅटरसन, नॅशनल, रिलायन्स अशा प्रत्येक कंपनीला आपले कोठार हवे होते. कोठारे शेजारीशेजारी असली तरी भाव आणि कटती (कचऱ्यापोटी वजनातून होणारी वजावट) सगळीकडे सारखीच, कंपन्यांचे आतून संगनमत आहे, असा शेतकऱ्यांचा जुना संशय. मालडबे आधी एलेव्हेटरवाल्यांना मिळतात, हीही तक्रार होतीच. 1900 च्या मॅनिटोबा धान्य कायद्याने शेतकऱ्याला थेट डबा भरण्याचा हक्क दिला. तो कागदावरच राहतो असे पाहून आजच्या सस्कॅचेवान प्रांतातील सिंटालुटा गावच्या शेतकऱ्यांनी 1902 मध्ये रेल्वेच्या स्थानिक एजंटाला कोर्टात खेचले आणि खटला जिंकला. याच चळवळीतून 1906 मध्ये ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी आणि 1917 मध्ये विलीनीकरणातून युनायटेड ग्रेन ग्रोअर्स निघाली. इंग्लिसच्या रांगेत या शेतकरी-कंपनीचेही कोठार आहे, खासगी व्यापाऱ्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून. रांगेचे खरे मोल, प्रस्तुत लेखकाच्या मते, याच शेजारात आहे.

घोडागाडीला एका दिवसात जाऊन-येऊन होईल, अशा बेताने प्रेअरीवर, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या गवताळ मैदानांवर, एलेव्हेटरची गावे वसली होती. 1930 च्या दशकात कोठारांची संख्या 5,700 च्या वर गेली. ट्रक आले, रस्ते सुधारले आणि हे अंतर निरर्थक झाले. 1995 मध्ये धान्यवाहतुकीचे रेल्वे-अनुदान थांबल्यावर फाटे बंद पडू लागले, काँक्रीटच्या मोजक्या अवाढव्य कोठारांकडे माल वळला आणि गावोगावची लाकडी कोठारे यंत्रांनी पाडली गेली. त्याच वर्षी इंग्लिसची रांग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. स्थानिक समितीने तिची डागडुजी केली. मालगाडी मात्र तिथे येत नाही.