खाचरातला तवंग आणि तेलाचं तळं

बेळगाव-खानापूरकडे खाचरातल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला की कुणीतरी म्हणतंच, 'खाली तेलाचं तळं हाय!' तो तवंग काडीनं ढवळून बघा. काचेसारखे तुकडे होऊन परत जुळले नाहीत, तर ती बहुधा लोहजीवाणूंची साय; आपल्या तांबड्या मातीत लोहाला काय तोटा? तेल असेल तर लगेच पुन्हा एकत्र येतं. (पंपातलं सांडलेलं डिझेलही तसंच वागतं, बरं का.)

आणि तळं वगैरे नसतंच. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. मग असा खडक शोधायचा कसा? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात शास्त्रज्ञ जॉन कार्चर यांनी डायनामाइटचा बार उडवून खालच्या थरांवरून परतलेला हादरा नोंदवला. परतायला लागलेल्या वेळेवरून थराची खोली निघते, तो कुठं वर वाकलाय, म्हणजे तेल कुठं अडकलेलं असू शकतं, ते कळतं. तेल आहे का, हे मात्र विहीर खोदल्यावरच.