मोलिनाच्या जागेचा घोळ: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाने ६ मे २०२३ रोजी विल्सन कॉन्ट्रेरासला कॅचरच्या जागेवरून हलवलं, तेव्हा मोसम सुरू होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. निवृत्त झालेल्या यादिएर मोलिनाच्या जागी, पाच वर्षांसाठी ८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून शिकागो कब्ज या हाडवैऱ्याकडून आणलेला हा खेळाडू. संघ १० सामने जिंकून २४ हरला होता आणि पिचर्सचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचं, त्याच्याशी जमत नाही, असं कारण पुढे आलं.

आपल्याकडच्या वाचकाला कॅचर म्हटलं की यष्टिरक्षक आठवतो. पण यष्टिरक्षक गोलंदाजाला प्रत्येक चेंडू कुठला टाकायचा हे सांगत नाही, कॅचर सांगतो. समोरचा फलंदाज कुठल्या चेंडूला फसतो, आपल्या पिचरचा आज कुठला चेंडू चालत नाहीये, त्याचं डोकं कधी तापलंय, हे सगळं त्याने ओळखायचं. पूर्वी त्यासाठी बोटांच्या खुणा होत्या, २०२२ पासून बटणं दाबून इशारा पाठवण्याचं यंत्रही आलं. आकडेवारीत यातलं फारच थोडं उतरतं.

कार्डिनल्सकडे हे काम आधी माइक मथीनीकडे होतं. २००४ च्या जूनमध्ये पोर्तो रिकोचा यादिएर मोलिना त्याच्या हाताखाली आला. घरातच हा धंदा, दोन्ही थोरले भाऊ कॅचर. त्या मोसमानंतर मथीनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात गेला आणि बावीस वर्षांच्या पोराने जागा घेतली. २००५ मध्ये संघाने १०० सामने जिंकले. खांदेपालट झाल्याचं जाणवलंसुद्धा नाही.

मोलिना काय चीज आहे ते २००६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला दिसलं. अमेरिकी बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना. नवव्या डावात मोलिनाच्याच होमरनने (षटकारासारखा फटका) ३-१ अशी आघाडी मिळालेली. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे दोन बाद (तिसऱ्याला डाव संपतो), तिन्ही बेसवर, म्हणजे धावपटूंच्या थांब्यांवर, माणसं उभी, समोर कार्लोस बेल्ट्रान आणि चेंडू ॲडम वेनराइट या नवख्याच्या हातात. पहिला चेंडू चेंजअप, म्हणजे हळू येणारा फसवा चेंडू: स्ट्राइक (असे तीन झाले की बाद). दुसरा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू: फाउल, म्हणजे फटका रेषेबाहेर, तोही स्ट्राइकच. तिसराही कर्व्ह, आणि बेल्ट्रान बॅट न हलवता बाद. पुढे कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. वेनराइट-मोलिना ही जोडी २०२२ पर्यंत टिकली. सुरुवातीचा पिचर आणि कॅचर म्हणून ३२८ सामने, हा विक्रम.

माझ्या मते खरी चूक कॉन्ट्रेरासला आणण्यात नव्हती, ती आधीच होऊन गेली होती. २०१७ मध्ये मोलिनाला तीन वर्षांसाठी ६ कोटी डॉलरची मुदतवाढ मिळाली. त्याला रोज खेळायचं असे आणि त्याला बसवायची कोणाची छाती नव्हती. वारसदार म्हणून ज्याच्याकडे बघितलं जात होतं तो कार्सन केली डगआउटमध्येच, राखीव बाकावर, बसून राहिला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पॉल गोल्डश्मिटला आणताना केलीला बदल्यात ॲरिझोनाच्या संघाला देऊन टाकलं. गोल्डश्मिट २०२२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यामुळे सौदा वाईट म्हणवत नाही. पण मोलिना २०२२ अखेर निवृत्त झाला तेव्हा मथीनीने तयार केला तसा कोणी हाताशी नव्हता.

त्यात २०२३ पासून पिचसाठी, म्हणजे चेंडू टाकायला, वेळेचं बंधन घालणारं घड्याळ आलं. त्या वर्षी बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावपटू असेल तर २० असा नियम होता. नव्या कॅचरने नव्या पिचर्सची नाडी ओळखायची तर हा मुहूर्त वाईटच. वेनराइट दुखापतीमुळे एप्रिलभर बाहेर, आणि परतल्यावर मोसमात त्याच्या नावावर ५ विजय, ११ पराभव. बाकीची पिचिंगही सुमारच होती, हे कॉन्ट्रेरासवर खापर फोडणाऱ्यांनी सोयीस्करपणे विसरू नये.

दीडेक आठवड्यातच कॉन्ट्रेरासला पुन्हा कॅचर म्हणून उभं केलं. तरी संघ ७१-९१ वर संपला, १९९० नंतर पहिल्यांदाच विभागात तळाला. २०२५ मध्ये कॉन्ट्रेरास पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला गेला. कॅचरची बहुतेक जबाबदारी आली पेद्रो पाहेसकडे, जो संघाच्याच मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघांतून, वर आला होता.